मेंढवाड्यातली शाळा

धुळाजीला वाडीत कुणी मास्तर म्हणत नसे. मास्तर म्हणजे कसा, डोक्याला टोपी, हातात छडी आणि तोंडावर तिरसटपणा. धुळाजीच्या डोक्याला मळका लाल पटका, हातात मेंढरं हाकायची काठी आणि पोरांसमोर बसला की तोंडावर ओशाळं हसू. पण कडा गावाच्या पलीकडे, सीना नदीच्या अंगाला असलेल्या त्या धनगरवाडीत शाळा म्हणून जे काही होतं, ते या म्हाताऱ्यानंच उभं केलं होतं. शाळा म्हणजे दगडी गडग्याचा मेंढवाडा. सकाळी मेंढरं रानात गेली की पोरांनी लेंड्या झाडायच्या आणि तिथंच फतकल मारायची. वास काही जायचा नाही. पण वासाची तक्रार करणारा दुसरा कुणी मास्तर तिकडं फिरकतच नव्हता.

त्याला अक्षरं आली ती लोकरीच्या पोत्यावर बसून. जवानीत तो लोकर विकायला नगरला जायचा आणि पेठेतल्या एका शाळेच्या ओट्यावर मुक्काम टाकायचा. तिथल्या त्रिंबक गुरुजींनी हा दांडगा धनगर खिडकीतून फळ्याकडं टक लावून बघताना पाहिला आणि हाकलून द्यायच्या ऐवजी आत बोलावला. पुढं कितीतरी वर्षांनी धुळाजीनं वाडीत पोरं गोळा केली, तेव्हा गुरुजी म्हणाले, आपण दोन्ही शाळांची जोडी लावू.

जोडी अशी. नगरच्या प्रत्येक पोरानं वाडीच्या एका पोरासाठी एक पाटी द्यायची आणि तिच्या लाकडी चौकटीवर आपलं नाव कोरायचं. नदीच्या पल्याड इंग्रजाचा अंमल, अल्याड निजामाची मोगलाई, मधे नाका. पाट्या यायच्या लोकरीच्या रिकाम्या पोत्यांतून, आणि मेंढराच्या वासाच्या पोत्यात हात घालायची नाक्यावरच्या कुणाची छाती नव्हती. वाडीची पोरं आपापल्या न पाहिलेल्या जोडीदाराच्या नावावर बोट फिरवत बसायची. भामाबाईच्या रतनच्या पाटीवर ‘जानकी’ असं कोरलेलं होतं. ती पोर उठता-बसता जानकीच्या बाता मारायची, जशी काही रोज तिच्याबरोबर पाण्याला जात होती. परतफेड म्हणून पोरांनी कोकरांचं मऊ जावळ जमवलं, बायांनी सूत कातलं आणि कड्याच्या सनगरानं त्याचं घोंगडं विणून दिलं. ते नगरला धाडण्याआधी सटवानं एका कोपऱ्याला लाल सुताची गाठ मारली.

सटवा हा धुळाजीचा नातू. त्याचे आईबाप मानमोडीच्या तापात गेले. तो वाचला, पण त्याचा डावा पाय वाळला. आता धनगराच्या पोराचा पायच गेला तर त्याच्यापाशी राहिलं काय? मेंढरामागं चालता येत नाही त्याला मेंढरं मिळत नाहीत, आणि मेंढरं नाहीत त्याला वाडीत जागा नाही. आजा होता तोवर ठीक होतं. पण आज्याला आता खोकल्याची उबळ आली की पटक्याच्या शेवाला रक्त लागायचं. ते तो मुठीत दाबून ठेवायचा, आणि सटवाला ते दिसायचंच.

म्हणून लोकरीच्या व्यापाऱ्यानं निरोप आणला, तेव्हा धुळाजी त्याच्या पायाच पडला. निरोप असा होता की माघात गुरुजी येतील, शाळा डोळ्यांनी बघतील, आणि ती नीट चालत असली तर दोघांतिघांना दरसाल नगरच्या वसतिगृहात नेतील. नीट चालत नसली तर मात्र पाट्या दुसऱ्या गावाला जातील. गुरुजींच्या मागं देणारी मंडळी होती, त्यांना खात्री हवी होती.

नेमकी त्याच माघात दुसरीही एक बातमी फिरत होती. परवानगीवाचून शाळा चालवायची नाही असा निजाम सरकारचा हुकूम होता आणि वरच्या घाटातल्या एका खेड्यात कुणा पोरं शिकवणाऱ्याला धरून चावडीत बसवलं होतं. धुळाजीनं पोरांना लांडगा आल्यावर देतात ती शीळ समजावून ठेवली. शीळ झाली की पाट्या लोकरीच्या ढिगाखाली, आणि पोरं गडग्यावरून ओढ्यात. पळता न येणाऱ्या सटवानं स्वतःच ढिगात शिरायचं, आणि हूं का चूं करायचं नाही.

मग एके दुपारी वाटेवर तट्टू दिसलं. तट्टावर शेरवानी, लाल तुर्की टोपी, आणि मागं नाक्याचा जवान बंदूक खांद्याला लावून. धुळाजीनं शीळ घातली. डोळ्याचं पातं लवतंय तोवर शाळा नाहीशी झाली. इतकी सफाई पोरांनी पाढ्यांत कधी दाखवली नव्हती.

शेरवानीवाला तरुण होता. गडग्याशी उतरून त्यानं चौफेर बघितलं.

“लोकर बघायला आलोय, आजोबा. पोरंबाळं दिसत नाहीत कुठं?”

“पोरं रानात, सरकार. मेंढरामागं.”

“लिहायला-वाचायला कुठं जातात?”

जवान गडग्याला टेकून ऐकत होता. धुळाजीनं त्याच्याकडं एकदा बघितलं.

“धनगराला लिव्हनं-वाचनं कावून पायजे, सरकार? मेंढराला काय कागद दावायचाय?”

“म्हणजे शाळा नाही इथं?”

“न्हाई. कदीच नव्हती.”

तरुणाचा चेहरा पार उतरला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, जवानाकडं बघितलं आणि मिटलं. शिकार हुकली बेट्याची, असं धुळाजीच्या मनात आलं, आणि तट्टू ओढ्याआड जाईपर्यंत तो मनातल्या मनात खूश होता. त्या खुशीची आठवण पुढं त्याला जन्मभर जाळत राहिली.

लोकरीच्या फटीतून बघत राहिलेल्या सटवाचं डोकं वर आलं.

“आजा, त्याच्या खोगिराखाली आपलं घोंगडं व्हतं.”

“कुठलं?”

“नगरला धाडल्यालं. कोपऱ्याला माजी लाल गाठ हाय.”

गुरुजी येणार म्हणजे पांढरी पगडी येणार, एवढंच धुळाजी धरून बसला होता. गुरुजी आजारी पडतील, आपल्याऐवजी तरुण मास्तर धाडतील, मोगलाईत कुणी हटकू नये म्हणून तो उसनी शेरवानी घालील, आणि जवान बरोबर आला म्हणून त्याला लोकरीचं सोंग आणावं लागेल, हे या भोळ्या माणसाच्या डोक्यात यायचं कसं? एका बंदुकीच्या भीतीनं दोघं खोटं बोलले आणि दोघांची खोटी एकमेकांना पटली.

“तवाच कावून बोलला न्हाईस रं?”

“तूच म्हणला व्हतास, हूं का चूं करायचं न्हाई.”

धुळाजीनं पोराला खांद्यावर घेतलं आणि नदीची वाट धरली. छाती भात्यासारखी वाजत होती. काटे लागत होते, उबळ येत होती, आणि तो पळत होता. काठावर पोचला तेव्हा तट्टू सीनेची कोरडी वाळू ओलांडून पल्याडची दरड चढत होतं, आणि अल्याडच्या काठाला जवान विडी पेटवत उभा होता.

धुळाजी बाभळीआड थांबला. हाक मारावी तर जवान ऐकणार. ऐकलं की चावडी, पाट्या, सगळं गेलं. गप्प राहावं तर नगरची जोडी तुटणार, सटवाचं वसतिगृह जाणार. पण हातातल्या पाट्या तरी राहतील, पोरं अजून वर्ष-दोन वर्षं शिकतील. रतन आता जोडाक्षरं वाचत होती. तिचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं, खरंच आलं. मग उबळ आली. पटक्याचा शेव तोंडातून काढला तेव्हा तो लाल झाला होता.

“थांबा, मास्तर!” तो बाभळीबाहेर येऊन ओरडला. “शाळा हाय! शाळा हाय वो!”

आवाज फाटका, वाऱ्यानं तो परत त्याच्याच तोंडावर आणून टाकला. तट्टू थांबलं नाही. तेव्हा खांद्यावरच्या सटवानं मान वर करून चाल धरली, “बे एके बे! बे दुणे चार!” पोराचा तार आवाज नदीपार गेला. ती चाल सगळ्या मुलखातल्या शाळांत एकच असते. पल्याड तट्टाचा लगाम ओढला गेला.

जवानानं धुळाजीची मान धरली. “कावून बे म्हाताऱ्या? शाळा न्हाई म्हणला व्हतास ना?”

सटवा खाली वाळूत पडला.

“जा, बाबा,” धुळाजी म्हणाला. “मागं बघू नगंस.”

पोर उठलं आणि निघालं. वाळलेला पाय वाळूत रुतत होता. दर पावलाला त्याला दोन्ही हातांनी मांडी उचलून पुढं ठेवावी लागत होती. जन्मात एवढं तो कधी चालला नव्हता आणि त्याला उचलायला धुळाजीचे हात मोकळे नव्हते. जवानही बघत राहिला. लंगड्या पोरामागं धावायची त्याला लाज वाटली असेल, किंवा म्हातारा हाती लागला तेवढं त्याला पुरलं असेल. पात्राच्या मध्यावर मास्तर धावत उतरला, पोराला उचललं आणि धुळाजीकडं बघून नुसता उभा राहिला. तिथून पुढं मोगलाई होती, तिकडं त्याला आता येता येत नव्हतं. मग तो वळला.

संध्याकाळी लोकरीचे ढीग उपसले गेले आणि पाट्या गडग्यावर आपटून फोडल्या गेल्या. धुळाजी चावडीतून सुटून आला तेव्हा हाडांचा सापळा राहिला होता. मेंढवाड्यात दिवसाही मेंढ्या बांधल्या होत्या. सटवा नगरला वर्गात बसतो, अशी बातमी व्यापाऱ्यानं आणली, ती वाडीत कुणी तोंड गोड करण्याजोगी मानली नाही. भामाबाईनं तर दारात उभं राहून सुनावलं, “आपल्या एका पोरापायी आमच्या समद्यांच्या पोरांची माती केली!” ती खोटं बोलत नव्हती.

एक दिवस रतन आली. तिच्या हातात चौकटीचा मोडका तुकडा होता, त्यावर ‘जानकी’मधलं नुसतं ‘जान’ उरलेलं.

“आजा, सटवाच कावून?”

पायाचं सांगता आलं असतं. आईबापांचं सांगता आलं असतं. ही पोर समजूतदार होती, तिनं ऐकूनही घेतलं असतं.

“त्यो माजा व्हता म्हणून, बाई.”

रतननं तो तुकडा गडग्याच्या फटीत खोचला आणि ती मेंढरामागं निघून गेली.