झाकणावरची दुसरी तारीख

कारखान्यात तिला सगळे ‘तारीखबाई’ म्हणत. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि तिचा प्रिंटर झाकणाच्या कडेवर मुदतीची तारीख बारीक ठिपक्यांनी फवारायचा. अकरा वर्षं तिचं हेच काम. स्वभाव मुळातच संशयी. नणंद म्हणायची, “वहिनी, तू दादालाही मुदत बघूनच होकार दिलास ना?”

एका सोमवारी तिने प्रिंटर सुरू केला, तर छपाईचा आकडा शनिवारपेक्षा चारशे बाराने पुढे. रविवारी तर कारखाना बंद.

तिने आकडा दाखवला, तर सुपरवायझर हसला. “ताई, साफसफाई करताना सरकला असेल.”

शाई फवारणारं नोझल कितीही धुवा, आकडा हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी धाकटा दीर घरी जेवायला आला. त्याच कारखान्यात बाजारातून परत आलेल्या मालाचं गोदाम तो सांभाळायचा. वाढताना तिला त्याच्या हाताला तो उग्र वास आला, शाई पुसायच्या थिनरचा.

“भावजी, थिनर कुठे लागलं?”

“डबा सांडला,” असं म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठला.

पुढच्या शनिवारी घरी निघताना तिने प्रिंटरमधल्या तारखेपुढे एक जादा ठिपका घालून ठेवला. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो काढला आणि थेट रवानगीचे खोके उघडले. तिसऱ्याच खोक्यात ठिपकेवाली झाकणं निघाली. थिनरचा बोळा फिरवल्यावर ताजी शाई गेली आणि खाली जुन्या तारखेची फिकट सावली उरली. मुदत संपून तीन महिने झाले होते.

ती सुपरवायझरला ओलांडून थेट तपासणी विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेली.

“संशय कोणावर आहे?” त्यांनी विचारलं.

तिने ठिपकेवालं झाकण टेबलावर ठेवलं. “माझ्या दिरावर.”

फाटकावरची वही काढली, तर गेल्या दोन्ही रविवारी सही सुपरवायझरची. दिराला बोलावल्यावर तो रडायलाच लागला. परत आलेल्या बाटल्या मोडीत काढायच्या आहेत, तारखा पुसून ठेव, असं सुपरवायझरने त्याला सांगितलं होतं. त्यांवर नव्या तारखा पडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण पुसलेल्या बाटल्या दोन्ही सोमवारी गायब दिसायच्या, तेव्हा त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती. नोकरीच्या भीतीने तो मूग गिळून बसला.

सुपरवायझरला पोलिसांनी नेलं. दिराने साक्ष दिली, म्हणून त्याची नोकरी वाचली.

“वहिनी, माझं नाव घेण्याआधी मला एकदा विचारायचंत,” तो म्हणाला.

“विचारलं होतं. तुम्ही डबा सांडला म्हणालात.”

तो उठून निघून गेला. दोन महिने घरी फिरकलाही नाही. आपण चुकलो असं तिला वाटलं नाही, पण सुपरवायझरचं नाव आपल्या मनातही आलं नव्हतं, ही गोष्ट तिला टोचत राहिली.

बाजारात गेलेले सगळे खोके परत आले, असं मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं. तारीखबाईने मान डोलावली आणि परत आलेल्या खोक्यांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मागितली.