तेलाच्या दिव्याची तार

आमच्या दाजींच्या घरात आता साधा नळ गळला तरी माणूस बोलवावा लागतो. पूर्वी असं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रुख्मिणीअक्काचे यजमान. नाव दिनकरराव. परभणीत कालव्याच्या कचेरीत कारकून. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच होती. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की मिस्त्रीकडं न्यायची नाही, स्वतः खोलायची. स्टोव्ह, रेडिओ, शिलाई मशीन, शेजाऱ्यांचे पंखे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यातलं बरंचसं नीटही व्हायचं, हे मेहुणा असूनही मला मान्य करावं लागतं. अक्का म्हणायची, घरात माणूस तापानं फणफणला तर यांच्या ध्यानात येत नाही, पण पंख्याचा आवाज बदलला की यांची झोप उडते.

मी चुडाव्याला शाळेत मास्तर होतो. सुट्टीला रेल्वेनं परभणीला आलो की दाजी मला समोर बसवून बिघाड समजावून सांगत. मला त्यातलं काही कळत नसे, आणि मला कळत नाही हे त्यांना कळत नसे, त्यामुळं दोघांचंही बरं चाललं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे पुन्हा जोरात निघत होते त्या वर्षांतली ही गोष्ट. अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीला सहा-सात वर्षं झाली होती, पण माणसं एकमेकांशी बोलताना अजून जपून बोलत. त्याच सुमाराला दाजींनी गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरची जुनी मोटार घेतली. आता गंमत अशी की मोटार खोलायची त्यांना अजिबात भीती वाटत नसे, चालवायची मात्र फार वाटे. बाजारापर्यंत कशीबशी नेत. लांब जायचं असलं की भुजंगला बोलावणं धाडत.

भुजंग हा भीमनगरच्या केशरबाईचा मुलगा. ट्रकवर क्लीनर म्हणून राहून गाडी शिकलेला, लायसन काढलेलं. हात फार चांगला. खड्डा दिसला की याचा पाय आधीच ब्रेकवर असायचा. त्याची आई आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाई. आबासाहेबांना त्यांच्या जीपवर कायमचा ड्रायव्हर हवा होता. भुजंगचं नाव निघालं तेव्हा त्यांनी, भीमनगरचा आहे ना, असं म्हणून नाक मुरडलं होतं. दाजींनी जाऊन शब्द टाकला. माझ्या गाडीला तोच हात लावतो, डोळे मिटून ठेवून घ्या, म्हणाले. नागपंचमी झाली की भुजंगनं कामावर यायचं, असं ठरलं. केशरबाईनं जिनिंगभर सांगितलं. पोराला कायमची नोकरी, तीही मालकाच्या गाडीवर, त्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं.

पंचमीच्या आधीच्या रविवारी मी परभणीत होतो. दाजींनी सकाळीच मोटारीचं तोंड उघडून ठेवलं होतं. चालवणाऱ्याच्या समोरचा लाल दिवा विझेना, अशी तक्रार होती. हा दिवा तेलाचा. चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. नाही विझला तर इंजिनात तेल फिरत नाही असं समजायचं. अक्काला चावीपाशी बसवलं, मला दिव्याकडं बघायला लावलं आणि दाजी आत वाकले. आधी त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, जुन्या बनियननं पुसली, पुन्हा घालून काढली. तेल काठोकाठ होतं. मग इंजिनाला तेलाचा दाब ओळखून दिवा लावणारं एक छोटं बटण असतं, त्याची तार उपसली. दिवा विझला. तार लावली, दिवा लागला.

दाजी खुलले. म्हणाले, बघा मास्तर, तेल भरपूर आहे, म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही. तार काढल्यावर दिवा विझतो, म्हणजे तारही शाबूत. राहिलं काय, तर बटण. बटणच खोटं बोलतंय. मला ते कोर्टातल्या निकालासारखं पटलं. बटण परभणीत मिळेना, नांदेडहून मागवलं, चार-सहा दिवस लागणार होते. तोवर तो लाल डोळा समोर नको म्हणून, आम्ही दोघं आत गेल्यावर दाजींनी तार काढून, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून, ती बाजूला खोचून दिली. हे आम्हाला मागाहून कळलं; आम्ही समजत होतो, नवं बटण येऊन बसलं.

आता दाजींची नोकरी कुठली, तर कालव्याच्या कचेरीतली. धरण तुडुंब भरलेलं असतं आणि शेवटच्या शेतकऱ्याचा पाट कोरडा असतो, हे त्यांच्याइतकं परभणीत कुणाला माहीत असणार? रोज शेतकरी येऊन तेच तर सांगत. आणि याच माणसानं पट्टीवर तेल बघितलं आणि ते वरपर्यंत चढतं की नाही हे बघितलंच नाही. दिवा खरं सांगत होता. तेल वर चढवणारा पंपच थकला होता. पण हे सगळं नंतर कळलं.

दाजींची मुलगी सगुणा हिची ही लग्नानंतरची पहिली पंचमी. तिला सासरहून, जिंतूरहून आणायचं होतं. भाऊ नाही, तेव्हा मुराळी म्हणून मामानं जायचं, म्हणजे मी. लेकीला आणायला एसटीनं न जाता आपली मोटार जावी, ही दाजींची हौस. पंचमीच्या आदल्या दिवशी भुजंग सकाळी आला. मी आत चहा पीत होतो. बाहेर त्यानं चावी फिरवली आणि दाजींना विचारलं, की साहेब, तेलाचा दिवा लागंना, काय झालंय? दाजी म्हणाले, बल्ब गेलाय, तू नीघ. बटण, तार, काळी पट्टी एवढं सगळं ड्रायव्हरला कुठं सांगत बसायचं, असं त्यांना वाटलं असणार. हे बोलणं मी ऐकलं नव्हतं. ते मला मागाहून कळलं.

जाताना काही झालं नाही. सगुणाला घेतलं, तिच्या सासूनं दिलेली शिदोरी घेतली आणि परत निघालो. बोरी जवळ येत असताना इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला. भुजंगनं लगेच गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, पण ती पुरती थांबायच्या आतच इंजिन जाम झालं. त्यानं पट्टी काढून बघितली. तेल काठोकाठ. तो पट्टी हातात धरून नुसता बघत राहिला. मी सगुणाला एसटीत बसवून पुढं धाडलं आणि बोरीतून एक ट्रॅक्टर मिळवला. दोर बांधून मोटार परभणीला आणली. 

मोटार दारात आली तेव्हा मी हातपाय धुवायला मागं गेलो आणि भुजंग मोटारीच्या मिस्त्रीला, सितारामला, बोलवायला गेला. तेवढ्या वेळात दाजींनी मोटारीचं तोंड उघडलं, काळी पट्टी सोडली आणि तार जागेवर लावून टाकली. अक्कानं खिडकीतून बघितलं. तिला वाटलं, हे काहीतरी दुरुस्त करताहेत.

सिताराम मिस्त्री आला. बघता बघता शेजारी जमले. आबासाहेबांचे मुनीमही तिथंच होते, सगुणा आली का म्हणून विचारायला आलेले. मिस्त्रीनं चावी फिरवली. लाल दिवा ठसठशीत लागला. तो म्हणाला, "दिवा तर चालू हाय. पंप गेला की ह्यो लागला असणार. डायवरनं बघितला न्हाई."

"लागलाच न्हवता," भुजंग म्हणाला, आणि त्यानं दाजींकडं बघितलं.

सकाळी विचारल्याचं तो स्वतः बोलला नाही. साहेब बोलतील म्हणून तो थांबला होता. दाजी खाली, टायरकडं बघत राहिले. मी म्हणालो की मी पुढंच बसलो होतो, मलाही दिवा दिसला नाही. त्यावर सगळे हसले, कारण चाकं फिरली की मला झोप लागते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्या दिवशीही ती लागली होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ह्यायला नामांतर पायजे, अन् समोरचा दिवा दिसंना." ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. भुजंगनं चावी पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला. मुनीमांनी संध्याकाळपर्यंत आबासाहेबांच्या कानावर घातलं. जीपवर दुसरा माणूस ठेवला गेला.

त्या पंचमीला सगुणा घरात होती, झोका बांधला होता, पुरणाची दिंडं वाफवली जात होती आणि घरधनी तापकऱ्यासारखा कोपऱ्यात बसून होता. सगळ्यांना वाटलं, मोटार गेली म्हणून. दाजी जेवायला बसत आणि उठून जात. रात्रीतून केव्हातरी अक्कानं विचारलं, तार लावत होतात ना तुम्ही, ती आधी काढली कुणी? तेव्हा ते तिच्यापाशी बोलले आणि सकाळी माझ्यापाशी. निघताना भुजंगनं विचारलेलंही सांगितलं. मला त्यांची कीव आली आणि भयंकर रागही आला. मी म्हणालो, दाजी, हे मला सांगून काय उपयोग, आबासाहेबांना सांगा. ते म्हणाले, तुम्ही बरोबर चला.

जिनिंगमध्ये आबासाहेब गादीवर बसले होते, मुनीम होते, आणखी दोघं-तिघं होते. दाजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दिव्याची तार मी काढली, भुजंगनं विचारलं तेव्हा मी बल्ब गेला म्हणून खोटं सांगितलं, गाडी आल्यावर तार मीच परत लावली.  त्यांचं बोलून झालं. मग आबासाहेब उठले, दाजींना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि चहा मागवला.

"दिनकरराव, लय मोठं मन हाय तुमचं," ते म्हणाले. "गरिबाच्या पोराची नोकरी जाऊ ने म्हून माणूस सोत्याची अब्रू घालवायलाय. असं आजकाल कोण करतंय?"

दाजी म्हणाले, मी खरं सांगतोय. आबासाहेब म्हणाले, तर तर. मुनीमांचे डोळे पाणावले होते. दाजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितके ते लोक जास्त भारावत होते. आम्ही तिथून सिताराम मिस्त्रीकडं गेलो. तो ऐकून हसला. म्हणाला, तार तर जागेवर होती साहेब, मी सोता बघितली. दाजींचंच काम, तेही इतकं नीट केलेलं, आता त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होतं. गल्लीत, कचेरीत जिथं जिथं त्यांनी सांगितलं तिथं तिथं त्यांचं नाव मोठं झालं, आणि भुजंगनं इंजिन जाळलं ही गोष्ट दर खेपेला आणखी पक्की झाली. साहेब कसले आणि ड्रायव्हर कसला, असं लोक बोलू लागले. दाजींना नमस्कार घालणारी माणसं वाढली. नमस्कार आला की ते मान खाली घालत, आणि लोक म्हणत, बघा, किती नम्र.

भुजंगच्या घरी जायला मात्र त्यांचे पाय उचलत नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ, चाललं होतं. शेवटी केशरबाईच आली. मी पुन्हा सुट्टीला आलो होतो, ओसरीवर बसलो होतो. ती पायरीच्या खालीच उभी राहिली. हातात मुगाच्या शेंगांची पिशवी होती, ती तिनं पायरीवर ठेवली. अक्का म्हणाली, वर ये, बस. ती नाही म्हणाली.

"जिनिंगमदी समदी सांगायलीत, साहेब," ती म्हणाली. "माज्या पोरापायी तुमी आळ सोत्यावर घेतला म्हून. तुमचे उपकार कवा फिटायचे न्हाईत. लय बोलले मी त्याला. चूक केली ती केली, वर दिवा लागलाच न्हाई म्हून खोटं बोलतुय. त्या रोजपासून मी त्याच्यासंगं बोलत न्हाई."

दाजी खुर्चीवरून उठले. पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आजवर त्यांनी ही हकीकत इतक्या जणांना इतक्या तपशीलानं सांगितली होती, पण तिच्यापुढं त्यांना लांबवता येईना. "केशरबाई, तो खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "दिव्याची तार मी काढून ठेवली होती. त्यानं सकाळी विचारलं, तरी मी सांगितलं नाही. मागून मीच लावली."

मला वाटलं, आता हीही हात जोडणार. केशरबाईनं हात जोडले नाहीत. तिनं दाजींच्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि तिला ते पटलं. बाहेरच्या इतक्या माणसांत तिला एकटीला पटलं.

"मंग तवा गप का बसलाव, साहेब?"

 हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आबासाहेबांनी नाही, मिस्त्रीनं नाही, मीही नाही.  मग तिनं पायरीवरची शेंगांची पिशवी उचलली आणि पोराशी बोलायला घाईघाईनं घरी निघाली.