पहिल्या सीटचा आजार

सकाळी आठला बस निघायची होती, आणि आठला पाच मिनिटं कमी असताना आमच्यातले चौघे एकदम आजारी पडले. आदल्या संध्याकाळी याच चौघांनी फाँड्यूचं (वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचा स्विस प्रकार) भांडं तळापर्यंत खरवडलं होतं. तेव्हा सगळे ठणठणीत होते. पण आज फुर्का घाट होता, आणि घाट म्हटला की पहिली सीट आली.

मिल्टन कीन्स, एजवेअर, एडिनबरा अशा ठिकाणची आम्ही चाळीसेक मराठी माणसं विमानाने स्वित्झर्लंडला येऊन, एका बसमधून आठवडाभर आल्प्स पालथा घालत होतो. निम्म्याहून जास्त डॉक्टर. माझ्यासारखे आयटीवाले तोंडी लावण्यापुरते. सगळी सूत्रं श्रीकांतकाकांच्या हातात. काका एडिनबरामध्ये भूल देणारे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. त्यांचा नियम एकच: जो तो आपापल्या जागी बसेल, पहिल्या सीट्स फक्त गाडी लागणाऱ्यांना. डॉक्टरांनी भरलेल्या बसमध्ये असा नियम करणं धाडसाचंच होतं, कारण लक्षणं सगळ्यांना तोंडपाठ.

मला ती सीट हवीच होती. माझ्यासाठी नव्हे, आईसाठी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच, आणि आमची जागा अकराव्या रांगेत, जिथे खिडकीऐवजी जाड खांब. तीन दिवस तिने आल्प्स पाहिलाच नव्हता, समोरच्या सीटची राखाडी पाठ पाहिली होती. नाशिकच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर खडूने हिमनदी काढली आणि खरी हिमनदी एकदाही पाहिली नाही. फुर्का उतरताना ऱ्होन हिमनदी दिसते, हे नाशिकहून निघायच्या आधीच तिने मला फोनवर तीनदा ऐकवलं होतं.

म्हणून सकाळी ब्रशच्या वेळीच मी तिला पढवलं. "आई, काकांनी विचारलं तर फक्त म्हण, मळमळतंय. एवढंच."

"मळमळत नाहीये."

"माहितीये गं. नुसतं म्हणायचं."

बसच्या दारात काकांची ओपीडी भरली होती. आमची पाळी आली. "काय मावशी, गाडी लागते का तुम्हाला?"

आईने मान ताठ केली. "छे हो! पन्नास वर्षं सप्तशृंगीच्या घाटात एसटीने जाते मी. कधी लिंबूसुद्धा चघळलं नाही."

आम्ही अकराव्या रांगेत जाऊन बसलो. ड्रायव्हरच्या मागची सीट एजवेअरच्या रश्मीवहिनींना आणि त्यांच्या नेहाला मिळाली. दुसऱ्या बाजूची एका हृदयरोगतज्ज्ञ जोडप्याला. दोघं इतक्या सफाईने पोट धरून गेले की मला मनापासून कौतुक वाटलं.

अँडरमाटपर्यंतचा रस्ता, माझ्या उंचीवरून सांगते, फार सुंदर होता. ओले हिरवे उतार, त्यांवर गळ्यात ओंजळीएवढ्या घंटा बांधलेल्या गाई, आणि दर वळणाला ड्रायव्हर रेटोचं शीळ घालणं. "काय दिसतं गं?" असं आई विचारी आणि मी रेडिओवर मॅच सांगावी तसं सांगे. तिसऱ्या धबधब्याशी माझा धीर सुटला.

अँडरमाटला जेवणासाठी थांबलो. दगडी घरं, दारापुढे लाल फुलांच्या कुंड्या, आणि ताटात रोश्टी (किसलेल्या बटाट्याचं जाड, कुरकुरीत थालीपीठ म्हणा हवं तर). मस्त खरपूस वास येत होता. मी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि ताट पुढे सरकवलं. हा त्याग मला आजही आठवतो.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही गं. कसंतरीच होतंय."

तिला खरं सांगायची सोय नव्हती. तिने ते पुढच्याच मिनिटाला काकांना सांगितलं असतं. तिचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

काका आले. नाडी पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. "सिन्स व्हेन?"

"मघाच्या त्या लांब बोगद्यानंतर, काका. डोकं गरगरतंय. आई जवळ असली तर बरं वाटेल."

काकांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे आपले हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रोश्टीवर क्रीम ओतत होते. "गाडी लागणारा माणूस दोन-दोन रोश्टी खात नाही," काका मोठ्याने म्हणाले. "डॉक्टर, यू आर डिस्चार्ज्ड. जा अकराव्या रांगेत!"

मी लगेच आईची पर्स उचलली. तेवढ्यात काकांनी खिशातून गाडी लागण्यावरची एक गोळी काढली.

"अहो, नको काका, बसेन मी अशीच."

"अशीच नाही. घाट आहे. घे."

मी ती जिभेखाली सरकवली. पण त्या माणसाचा सगळा जन्म पेशंटच्या तोंडापाशी गेलेला. "जीभ वर कर. हं. आता पाणी पी." मग त्यांनी आईच्या हातात एक कागदी पिशवी दिली. "मावशी, हिच्याकडे लक्ष ठेवा."

आईला खिडकी दिली, मी कडेला बसले. समोर भिंतीएवढी काच. पहिलं वळण मी पाहिलं. दुसरंही पाहिलं असावं. शिखरावरचं बर्फ दिसलं का, ते सांगता येत नाही. पुढचं जे डोळ्यांपुढे आहे ते मुक्कामाच्या इंटरलाकेनमधल्या पार्किंगचं. रेटो म्हणत होता, "गुड मॉर्निंग, मॅडम." मधले दोन-अडीच तास, फुर्का आणि त्यापुढचा असे दोन घाट, काकांच्या गोळीने मी तोंड उघडं टाकून झोपले होते.

"मावशी, तू किती क्यूट झोपला होता!" नेहा म्हणाली. ती लंडनमध्येच वाढली, तिच्या मराठीत मी कधी मुलगा असते, कधी मुलगी. "मी फोटो काढली."

माझं लक्ष आईकडे. "दिसली का हिमनदी?"

"तुला आता कसं वाटतंय?"

"मी ठीक आहे. हिमनदी?"

"छान होतं सगळं," ती म्हणाली आणि पिशवीची नीट घडी घालू लागली. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. माझे घाट गेले तर गेले, माझ्या आईने पहिल्या सीटवरून हिमनदी पाहिली होती.

मिल्टन कीन्सला परतल्यावर तिसऱ्या दिवशी नेहाचे फोटो ग्रुपवर आले. मी चहा घेत एकेक पाहत होते. एका फोटोत सगळ्यांचे फोन खिडकीकडे वळलेले; गाडी उभी करायला जागा नव्हती म्हणून रेटोने तिथे बस अगदी हळू केली असावी. खिडकीभर हिमनदी, निळसर, चिरा पडलेली, मावत नव्हती इतकी. आणि तिच्याकडे पाठ करून माझी आई. एका हाताने माझं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातात माझ्या हनुवटीखाली उघडी पिशवी, नजर माझ्या तोंडावर. पुढच्या फोटोत तेच. त्याच्या पुढच्यातही.

आई स्वयंपाकघरात नाशिकच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "डोंगर दिसले गं थोडेफार. पण हिचा रंग पार उतरलेला, मी कुठे बाहेर बघणार?"

तिने फोन ठेवल्यावर मी सगळं सांगून टाकलं. रोश्टी, गरगरणं, बोगदा, सगळं खोटं. तिच्या सीटसाठी. सांगता सांगता मी रडायलाच लागले.

आईने ऐकून घेतलं. माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि माझं उघडं तोंड बाजूला सारून हिमनदी बराच वेळ पाहिली. चिरांवरून बोट फिरवत होती.

"खडूने मी फारच सरळ काढत होते," ती म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा नेशील?"

"नेईन. नक्की नेईन."

"मग पहिल्या सीटवर मी एकटी बसेन. तू अकराव्या रांगेत."