चरा दिसतो का?

काकांनी मला फसवलं. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून फसवलं.

कसबा पेठेत दोन खुर्च्यांचं त्यांचं केशकर्तनालय होतं. सकाळी सातला पहिलं गिऱ्हाईक मी. मी पोचायचो तेव्हा काका वस्तरा पाजवत असायचे. पाजवून झाला की पातं पुसायचे, खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "शेठ, बघा. चरा दिसतो का?"

मी म्हणायचो, "नाही." मग फेस.

तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, आपलं काम दाखवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही. मला वाटायचं, काका त्यातलेच.

पाजवायच्या दगडाच्या बाबतीत ते सोवळ्यातल्या माणसासारखे वागत. आधी हात धुवायचे, मग दगड, मग वाटीतलं पाणी बदलायचे. ओल्या दगडावरून अंगठा फिरवायचे. वाळूचा एक कण लागला तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो काका, दाढी आहे, पूजा नाही."

"पूजेत चूक झाली तर देव सांभाळून घेतो," काका म्हणाले. "कणाने पात्यावर चरा पडतो. चरा पाठीकडे असेल तर नुसती लाज. धारेपर्यंत आला तर तिथे खाच पडते, आणि खाच कातडी धरते."

वस्तरा ते दगडावर दाबत नसत. "हाताचं वजन नको. त्याचं स्वतःचं वजन पुरे," असं पुटपुटत राहायचे.

माझा धंदा ऑफिसच्या खुर्च्या-टेबलांचा. हातगाडीवर जुनं फर्निचर विकण्यापासून सुरुवात केली. हडपसरला कंप्युटरच्या कंपन्या आल्या तेव्हा हात मारला. माल उलटा करून, स्क्रू मोजून घेणारा मी. शब्दाला शब्द लावल्याशिवाय मी कोणाला सोडलं नाही. फक्त काकांच्या खुर्चीत गप्प बसायचो. गळ्यावर वस्तरा असताना घासाघीस कोण करणार?

त्या दिवशी मोबाईलवर एका कंपनीच्या माणसाशी माझी जुंपली होती. काकांनी नेहमीसारखं पातं धरलं, विचारलं. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "नाही हो, करा सुरू." फेस लागला तरी माझी बडबड चालूच.

"शेठ, फोन ठेवा. मला ऐकू येत नाही."

"तुम्हाला काय ऐकायचंय?"

"दाढी."

मी फोन ठेवला. उजवा गाल झाला. वस्तरा डोळ्यांसमोरून गळ्याकडे जाताना खिडकीचा उजेड पात्यावर पडला आणि मला चरा दिसला. केसाएवढा, पाठीपासून थेट धारेपर्यंत. मी आरशात काकांकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्या गळ्यावर नव्हती, समोरच्या भिंतीवर होती. डाव्या हाताची बोटं माझ्या गळ्यावरचा कंठमणी चाचपत होती.

बोललो तर कंठमणी हलणार. नाही बोललो तर पातं खाली उतरणार.

"काका," मी ओठ न हलवता म्हणालो, "चरा आहे."

हात थांबला. पातं कातडीला टेकलेलंच.

"मघाशी नाही म्हणालात."

"मघाशी पाहिला नाही."

"आणि त्याआधी?"

खोटं बोलायला मी घाबरत नाही. तिथे घाबरलो. "कधीच नाही पाहिला."

आता त्यांचा हात थरथरायला लागला. ती थरथर पात्यातून माझ्या कातडीत येत होती. "हलू नका," ते म्हणाले. मला की स्वतःच्या हाताला, कोण जाणे. मग त्यांनी वस्तरा उचलला, चाचपडत वाटीत टाकला आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"नखाला मोठी खाच कळते हो, केसाएवढा चरा नाही कळत," ते म्हणाले. "अख्खी पेठ सांगते, शेठ बघितल्याशिवाय माल घेत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारायचो."

मी गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं. त्यांनी ओल्या टॉवेलने माझा फेस पुसला, कानामागचासुद्धा. अर्धी दाढी तशीच घेऊन मी हडपसरला गेलो.

दुसऱ्या दिवसापासून काका दुकानात आले नाहीत. वर्षभरात गेलेच. आता त्यांचा मुलगा बसतो. दर दाढीला पाकिटातून नवं ब्लेड काढतो. काकांचा दगड बेसिनच्या नळाखाली आहे, त्यावर साबण ठेवलेला असतो.

माझी झोप मात्र त्या सकाळपाशीच अडकली आहे. माझ्यानंतर दिवसभर त्या खुर्चीत माणसं बसायची. डोळे मिटून, मान मागे टाकून. माझ्या 'नाही'च्या भरवशावर.

परवा मुलाला धरलं. काकांना काचबिंदू आहे हे घरात पहिल्यापासून माहीत होतं. "मग वस्तरा त्यांच्या हातात कसा राहू दिलात?"

तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय."

हे उत्तर मी घेणार नाही. त्याने मला दुसरं द्यावं.