जळक्या ऑइलचा वास

बीडला गाडीचं ऑइल बदलायला गेलो की मी गॅरेजबाहेर जाऊन उभा राहतो. जळक्या ऑइलचा तो वास मला सोसत नाही.

वडवणीला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा कुत्रा भुऱ्या तिथंच वाढला. एका उन्हाळ्यात तो शेपटीच्या बुडाशी चावून चावून रक्त काढायला लागला, पाठीवरचे केस झडले.

"खरूज हाय," आबा म्हणाले. "जळकं ऑइल लावलं की जाती, बग."

आमच्याकडं सगळे हेच करायचे. आबा चिंधीनं चोळत होते, उघड्या कातडीवर ऑइल झोंबत होतं, आणि तरी भुऱ्या त्यांचाच हात चाटत होता. मग दिवसभर तो स्वतःचं अंग चाटत राहिला. त्यानंतर त्यानं खाणं सोडलं, ते सोडलंच.

ती खरूज नव्हतीच. पिसवांची ॲलर्जी होती. परवा माझ्या आताच्या कुत्रीलाही तसंच झालं, तेव्हा तिला तपासताना जनावरांच्या डॉक्टरांनी हे सगळं समजावलं. म्हणाले, "आधी तिचं अंथरूण उकळा. पिसवा तिथंच वाढतात."

भुऱ्या एका जुन्या पोत्यावर झोपायचा. त्याला पुरताना आबांनी त्याच पोत्यात गुंडाळलं.

"लई आवडीचं हाय त्याचं," म्हणाले.