मधली चौकट

मोहिनीचा हात असा चालायचा, की वर्ध्यातल्या त्या छापखान्याचा मालक गिऱ्हाईक आलं की डोळे झाकून तिच्याकडे धाडायचा. पत्रिका असो की स्मरणिका, कॉम्प्युटरवर पानात चौकटी आखायच्या, एकीला दुसरी जोडायची आणि मजकूर सोडून द्यायचा. एक चौकट भरली की तो आपोआप पुढच्या चौकटीत उतरतो. तिला या कामाचा जरा तोराच होता.

तोच नडला. पवनारचे तानबा बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या, वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका करायला आले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सोयरीक जमली तेव्हापासून शेवटचा ताप, सरण इथपर्यंत सगळं त्यांनी तोंडी सांगितलं आणि मोहिनीने टाइप केलं. पानं लावून झाली, आणि ऐन वेळी त्यांच्या मुलाने मोबाइलवर प्रमिलाबाईंचा फोटो पाठवला. जागा करायला तिने मधली चौकट उडवली, फोटो बसवला, उरल्या जागेत लहान चौकट आखली आणि घाईत ती जोडली साखळीच्या शेवटाला. मजकूर पहिलीतून थेट शेवटच्या चौकटीत गेला आणि उरलेला मागे फिरून मधलीत आला. चौकटी सगळ्या भरलेल्या दिसल्या, तिला तेवढं पुरलं.

"एकडाव वाचून दाखव नं माय," तानबा म्हणाले.

"बरोबर आहे आबाजी. काऊन काळजी करता?"

वर्षश्राद्धाला नात प्रेरणा खड्या आवाजात वाचायला उभी राहिली. सोयरीक जमली, लगेच प्रमिलाबाई तापाने गेल्या, सरण विझलं आणि पुढच्या ओळीत त्यांना हळद लागली. लोक हसले. तानबांनी मान खाली घातली. जेवायला बोलावलेली मोहिनी पंगतीत बसली होती, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातून शब्द काढायची हिंमत काही झाली नाही.

पुस्तिका नव्याने छापून मोहिनी पवनारला गेली. तिने तोंड उघडायच्या आतच तानबा म्हणाले, "माहीच गलती झाली माय. म्हातारं डोस्कं, सांगतानाच उलटंसुलटं सांगतलं असन. रोज तिच्या फोटोपुढं माफी मागून राह्यलो."

मोहिनीला रडू आवरेना. "नाई आबाजी! तुम्ही बरोबर सांगतलं होतं. मीच चौकट चुकीची जोडली. अन् तुम्ही म्हटलं, तरी वाचलं नाई."

तानबा उठले. मग त्यांनी फोटोखाली पाट मांडला. "मले नोको सांगू. आता तिले वाचून दाखव. पहिल्यापासून."

मोहिनी वाचू लागली. सोयरीक जमली. हळद लागली, तेव्हा तानबांनी मान हलवली. धाम नदीच्या काठचा संसार झाला. मग तापाचं पान आलं आणि ती थांबली.

"वाच माय," तानबा म्हणाले. "तेबी मीच सांगतलं होतं."