पाच जणांचा टॉवेल

त्या घरात माणसं पाच आणि अंग पुसायचा टॉवेल एक. गरिबी होती म्हणून नव्हे. भिंतीवर दोन हात रुंद टीव्ही होता, मोबाइल तर माणशी एकाहून जास्त होते. पण टॉवेल एक, कारण सासऱ्यांचं तसं तत्त्व होतं. आज टॉवेल वेगळा झाला की उद्या चूल वेगळी होते, असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि हात धुतले की स्वतःच्या रुमालाला पुसायचे.

आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी सासरे, मग नवरा, मग दीर, मग सासूबाई आणि सगळ्यात शेवटी ही, घरची सून. हिच्यापर्यंत टॉवेल यायचा तो ओलाकच्च आणि गार. सासरे मिशांना कलप लावायचे, त्याचे काळपट डाग एका टोकाला. दिराला बारा महिने सर्दी, आणि नाक पुसायला त्याला टॉवेलइतकं सोयीचं दुसरं काही सापडत नसे. नवरा टॉवेलाच्या कोपऱ्याची सुरळी करून कानात फिरवायचा आणि फिरवून झाल्यावर ती निरखून बघायचा. का बघायचा, ते देवाला ठाऊक. सासूबाई गुडघ्यांना मलम चोळून हात त्यालाच पुसायच्या. एवढ्यांची सेवा करून आलेल्या त्या फडक्यात हिने रोज सकाळी तोंड खुपसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एक सकाळ अशी गेली नव्हती की तिने श्वास रोखून धरला नाही.

गंमत अशी की ही कामाला होती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात. हिचं काम घड्या घालायचं, म्हणून तिथे सगळे तिला घडीवाली म्हणत. टॉवेलांच्या घड्या, चादरींच्या घड्या, गिलाफांच्या घड्या. वरच्या मजल्यावरची चांगल्या कपड्यांतली माणसं टॉवेलाने काय काय पुसतात ते खाली तळघरात कळतं. लाली, बुटांचं पॉलिश, सांडलेली दारू, आणि कधी कधी असं काही, की कपडे वेगळे करणारा रबरी हातमोज्यांतही तोंड वेडंवाकडं करायचा. माणूसजातीबद्दल तिचं मत तिथेच बनलं होतं आणि ते फार चांगलं नव्हतं. पण तिथली घाण निदान उकळत्या पाण्यात जायची. गरम, कोरडा, पांढरा टॉवेल यंत्रातून बाहेर आला की ती क्षणभर तो गालाला लावायची. घरची घाण मात्र खुंटीवर लटकायची आणि तिचं नाव आपलेपणा.

लग्न होऊन नवीन असताना तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, मी माझा वेगळा टॉवेल आणू का?"

"का? आमची किळस येते तुला?" तो हसत म्हणाला होता.

"छे हो," ती म्हणाली होती, आणि त्या दोन शब्दांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. आता इतक्या वर्षांनी किळस येते म्हणायचं कोणत्या तोंडाने? तोंड तर रोज त्याच टॉवेलाने पुसलं जात होतं.

शेवटी एकदा घरी येताना तिने एक टॉवेल विकत घेतला. गडद निळा, जाड आणि मऊ. तो घरात आणला पर्समध्ये कोंबून, चोरीचा माल आणावा तसा. आंघोळीला जाताना तो कपड्यांच्या आत गुंडाळून न्यायचा, घरातला टॉवेल दिसण्यापुरता खांद्यावर टाकायचा, आणि निळ्याने अंग पुसून तो परत कपाटाच्या तळाशी, हिवाळी कपड्यांखाली दडपायचा. पहिले काही दिवस काय वर्णावं! केस पुसताना दुसऱ्या कुणाचा वास नाही. ती न्हाणीघरात डोळे मिटून उगाच उभी राहायची, बाहेरून दीर हात धुवायला दार ठोठावेपर्यंत.

पण दडवलेला टॉवेल वाळणार कसा? रोज ओला जायचा आणि रोज ओलाच निघायचा. हळूहळू त्याला कुबट वास यायला लागला. कपाट उघडलं की भपकारा. हिच्या कामाच्या कपड्यांना वास, नवऱ्याच्या शर्टांना वास. ज्या घाणीपासून पळायचं म्हणून एवढा उपद्व्याप केला, ती आता हिने स्वतःच्या हातांनी कपाटात पोसली होती. तिला स्वतःचाही वीट आला. त्याला ऊन हवं होतं, बाल्कनीतल्या दोरीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हातभर जागा हवी होती. आणि तीच तर मागायची सोय नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सासूबाईंनी नाकाला पदर लावून जाहीर केलं, "कपाटात उंदीर मेलाय."

सगळं घर कामाला लागलं. नवरा गुडघ्यांवर बसला, दीर मोबाइलचा उजेड पाडत उभा राहिला, आणि सासरे खुर्चीतून न हलता हुकूम सोडत राहिले. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. आता सांगावं, मग सांगावं, असं करता करता नवऱ्याने हिवाळी कपडे उपसले आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून निळा टॉवेल बाहेर काढला.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"टॉवेल. माझा आहे."

"तुझा?" सासरे खुर्चीत पुढे सरकले. "आणि न्हाणीघरात आहे तो कुणाचा?"

"तो घरातला."

"म्हणजे तू घरातली नाहीस?"

नवऱ्याने तोच जुना प्रश्न केला, फक्त या वेळी हसू नव्हतं. "आमची किळस येते का तुला?"

छे हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोर तो चिमटीत धरलेला टॉवेल होता आणि नवऱ्याने नाक मुरडलं होतं. याला, कान कोरून सुरळी बघणाऱ्या माणसाला, हिच्या टॉवेलाची किळस येत होती. तिचं डोकं फिरलं.

"हो," ती म्हणाली. "येते. बाबा त्याला कलप पुसतात. भाऊजी नाक पुसतात. तुमच्या कानातला मळ असतो, आईंचं मलम असतं, आणि शेवटी मी त्याने तोंड पुसते."

दीर आपल्या नाकाकडे गेलेला हात खाली घेऊन उभा राहिला. सासऱ्यांनी सावकाश चष्मा काढला.

"आजपासून हिच्याशी कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले.

अबोला हे त्या घराचं जुनं हत्यार होतं आणि सासऱ्यांनी त्याचे नियम कडक ठेवले होते. बोलायचं नाही म्हणजे काही मागायचंही नाही. मागणं म्हणजे बोलणंच. ज्याच्यावर अबोला, त्याने रडत येऊन पाया पडायचं. दिरावर एकदा ही वेळ आली होती, तर तो दोन दिवसांत शरण आला होता.

पहिल्या रात्री ही खरोखर रडली. आपण मोठ्यांना नाही नाही ते बोललो, म्हाताऱ्या माणसांच्या जिव्हारी लागलं, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी तिने निळा टॉवेल गरम पाण्यात उकळला, खळखळून धुतला आणि उघडउघड बाल्कनीतल्या दोरीवर टाकला. लपवायला आता उरलं काय होतं?

मग तिने चहा केला आणि पीत बसली. अर्धा कप झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला कुणी उठवलं नव्हतं. सासऱ्यांना दुसरा कप हवा होता, ते दोनदा खाकरले, पण मागणार कसे? नवरा मोजे शोधत घरभर फिरला, तिच्यासमोरून तीनदा गेला, आणि शेवटी दोन वेगवेगळे मोजे घालून कामावर गेला. तिला मोजे कुठे आहेत ते माहीत होतं. पण विचारलं तर पाहिजे ना कुणी!

स्वयंपाक ती नेहमीसारखा करायची, झाकून ठेवायची आणि आपलं ताट घेऊन बाल्कनीत बसायची. आत सासरे आमटी ओरपायचे, दीर तोंड उघडं ठेवून चावायचा, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते ऐकत जेवायची तिच्यावर सक्ती नव्हती. शेजारी दोरीवर निळा टॉवेल उन्हात वाळत असायचा. तिच्या मनात काही नसायचं. अगदी काही नाही, आणि ते फार छान वाटायचं. शांती शांती म्हणतात ती हीच असेल तर ती इतकी साधी आहे हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

"चेहरा उजळलाय तुझा," धुलाईखान्यातली इस्त्रीवाली म्हणाली. "काय करतेस काय?"

"घरात माझ्याशी कुणी बोलत नाही."

इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली. "नशीब काढलंस बाई."

घरातला टॉवेल मात्र कुणी धुतलाच नाही. आजवर तो हीच धुवायची, आणि आता तिला धू म्हणायची सोय नव्हती. तो खुंटीवर कडक होत गेला. नवरा अंग पुसायच्या आधी त्याचा वास घ्यायला लागला. दीर शर्टाला तोंड पुसून मोकळा व्हायचा. पण टॉवेलाबद्दल कुणी ब्र काढला नाही, कारण काढला असता तर हिचं खरं ठरलं असतं.

आठवडा उलटला आणि एका संध्याकाळी सासूबाई चहाची कपबशी घेऊन बाल्कनीत आल्या. चहा त्यांनी स्वतः केला होता. ती तिच्या हातात देऊन त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"ह्यांनी पाठवलंय मला," त्या म्हणाल्या. "झालं गेलं विसरून जा म्हणतात. पाया नाही पडलीस तरी चालेल. फक्त हा निळा टॉवेल सगळ्यांत टाक. तो जुना आता वापरण्याजोगा राहिला नाही."

तिने दोरीकडे पाहिलं. उद्या त्याच्या टोकाला कलप, परवा नाक, आणि आठवडाभरात कोपऱ्याला सुरळीचा आकार. तिला शिसारी आली. पण हातातला चहा गरम होता आणि समोर बसलेल्या बाईचे गुडघे सुजलेले होते. त्यांना तोडून बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबांना म्हणावं अजून थोडे दिवस रागावून राहा. मला चालेल."

सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. ती उद्धटपणा करत नव्हती, विनंती करत होती, हे त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी आत नजर टाकली, मग स्टूल थोडं पुढे ओढलं.

"काय गं," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "माझ्याशी बोलणं बंद व्हावं असं वाटलं, तर मला काय करावं लागेल?"

"काही नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं."

आतून सासऱ्यांची हाक आली. "झालं का गं? कबूल झाली का ती?"

सासूबाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"नाही झाली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आणि तुमच्या टॉवेलाची मलाही किळस येते. लग्न झाल्यापासून येते."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. हिने आपला चहा बशीत अर्धा ओतून त्यांच्यापुढे सरकवला, आणि आता आत काय ठरतं त्याची वाट बघत दोघी बसून राहिल्या.